शेडगेदादांची राखण

शेडगेदादांना मी उभं पाहिलं त्यापेक्षा बसलेलंच जास्त पाहिलं. आणि बसलेलं म्हणजे सोफ्यावर किंवा पंगतीत नव्हे, शिक्षेच्या बाकावर. बर्फावरच्या हॉकीत एखाद्यानं आगाऊपणा केला की रेफरी त्याला दोन मिनिटांसाठी कडेच्या काचेच्या खोपटात पाठवतो. जर्मन लोक त्या बाकाला स्ट्राफबांक म्हणतात. हॅम्बर्गच्या आमच्या हौशी लीगमध्ये त्या खोपटाचं दार उघडायचं, लावायचं आणि शेजारच्या टेबलावरचं घड्याळ चालवायचं काम माझ्याकडे होतं. मी मूळची पुण्याची, पेशानं सॉफ्टवेअर टेस्टर आणि थंडीचा मनापासून राग असलेली बाई. रविवारच्या सकाळी दोन स्वेटर आणि एक शाल गुंडाळून मी त्या बर्फाच्या हॉलमध्ये काय करत होते, याला उत्तर एकच आहे, शेडगेदादा.

आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली. अंताक्षरी चालली होती, घड्याळ माझ्या हातात होतं, आणि वेळ संपल्यावर गायला लागलेल्या अध्यक्षांनाच मी बाद केलं. अध्यक्ष रुसले, त्यांच्या सौभाग्यवती माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मागच्या रांगेतून मात्र एक धिप्पाड गृहस्थ उठून माझ्यापाशी आले. "ताई, आमच्याकडं एक जागा रिकामी हाय. घड्याळ बघायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही. तुमच्याइतकं लायक माणूस अख्ख्या हॅम्बर्गात गावायचं नाही." मी नाही म्हणाले. पुढच्या रविवारी ते गाडी घेऊन दारात उभे राहिले.

महादेव शेडगे कराडचे. बंदरात जहाजांवरचे कंटेनर उचलणाऱ्या अवाढव्य क्रेन असतात ना, त्या बनवणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर. साठीला टेकलेले, दारातून वाकून आत यावं लागेल अशी उंची, आणि मान द्यायची देव बहुधा विसरलेलाच. कॉलेजात असताना तालमीत जायचे. जर्मनीत आल्यावर कंपनीतल्या लोकांनी त्यांना आपल्या हौशी टीममध्ये ओढलं. "इथं कुस्ती कुणाशी धरणार? म्हटलं, हे तर हे." एवढंच त्यांचं स्पष्टीकरण असे.

त्यांचं स्केटिंग हा टीममधल्या विनोदाचा कायमचा विषय होता. त्यांना पुढे जाता येई आणि डावीकडे वळता येई. उजवीकडे जायचं असलं तर ते डावीकडून पूर्ण फेरी मारून येत. थांबणं ही गोष्ट तर त्यांच्या हातात नव्हतीच. त्यासाठी कडेची फळी लागे, नाहीतर समोरचा माणूस. असा माणूस टीममध्ये काय करतो, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी राखण करतो," दादा म्हणाले.

तेव्हा मला कळलं की या खेळात पूर्वीपासून अशी एक जात असते. इंग्रजीत त्याला एन्फोर्सर म्हणतात. त्यानं गोल करायचा नसतो, फार पळायचंही नसतं. टीमचा जो चांगला खेळाडू असतो, त्याच्या वाटेला कुणी गेलं की गाठ या माणसाशी असते. आमच्या हौशी लीगच्या नियमात अंगावर जायलाच बंदी होती. पण नियम काय, आपल्याकडे हेल्मेटचाही आहे. गर्दीत कोपर लागायचं ते लागतच असे.

मला हा प्रकार मुळीच पटला नव्हता. दादा बाकावर येऊन बसले, चष्म्यावरची वाफ पुसायला लागले, की आमचा वाद सुरू होई.

"दादा, आता मोठ्या लीगमध्येसुद्धा कुणी असले गुंड ठेवत नाही. रेफरी कडक झाले, कॅमेरे आले, खेळ पळापळीचा झाला. ज्याला धड वळता येत नाही त्याला आत ठेवायचं म्हणजे एक जागा फुकट. आणि मारामाऱ्या करून करून ते बिचारे स्वतःच डोक्यानं अधू होतात."

"आल्झो, म्हणजे असं बघा, ताई, तुमच्या पुण्यातल्या सोसायटीला वॉचमन हाय का न्हाई? त्यानं आजवर किती चोर धरले?"

"एकही नाही."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे तो काम करतोय."

"किंवा झोपतोय."

ते मोठ्यानं हसत. मग त्यांची वेळ संपे, मी दार उघडी, आणि ते डावीकडून फेरी मारून आपल्या जागी जात. शिक्षा भोगून आलेल्या माणसाचा कसलाही खेद त्यांच्या चेहऱ्यावर नसे. "खेळणाऱ्यानं खेळावं, बघणाऱ्यानं बघावं, आणि ज्याला मस्ती करायचीय त्यानं माझ्याकडं यावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते जर्मनमध्येही तितक्याच ठसक्यात म्हणत, आणि समोरच्याला ते निम्मंच कळत असावं.

आमच्या टीमचा जो चांगला खेळाडू, ती होती अनिका. लीगमध्ये बायका-पुरुष एकत्र खेळत. पंचविशीतली सडपातळ मुलगी, बंदरातल्या प्रवासी फेरीबोटीवर डेकहँड म्हणून, दोर टाकण्या-सोडण्याचं काम करणारी. बर्फावर आली की बाकीचे सगळे चिखलात चालल्यासारखे वाटत. ती पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, घेऊन वळली की मी घड्याळाकडे बघायची विसरे, आणि माझ्यासारख्या बाईकडून हे होणं म्हणजे बघा. तिला पुढे फेरीची कप्तान व्हायचं होतं. अभ्यास चालू होता, परीक्षा जवळ येत होती. दादांना तिचं कोण कौतुक. "ही पोर एक दिवस अख्खी बोट चालवणार," असं ते माझ्याच नव्हे, भाजीवाल्याच्याही कानावर घालत.

दादांची खरी मारामारी मी एकदाच पाहिली. समोरच्या एका दांडगटानं अनिकाला मागून फळीवर ढकललं. दादा निघाले. त्यांना पोचायला वेळ लागला, कारण तो दांडगट उजवीकडे होता. पोचल्यावर त्यांनी हातमोजे काढून खाली टाकले, ही त्या खेळातली आव्हानाची रीत, आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "बघायचं का?" तो हसला. पुढच्या क्षणी दादांनी त्याच्या कमरेत हात घातला, त्याला उचलला आणि बर्फावर बसवला. मारलं नाही, ठोसा नाही, नुसता बसवला आणि खांद्यावर हात ठेवून रेफरी येईपर्यंत बसवूनच ठेवला. रेफरीला याला काय शिक्षा द्यावी तेच उमजेना. शेवटी त्यानं मारामारी म्हणूनच नोंद केली आणि दादांना पुढचे काही सामने बंदी झाली. पण त्यानंतर बराच काळ अनिकाच्या वाटेला कुणी गेलं नाही, हे मलाही कबूल करावं लागलं.

त्यांची आणखी एक पद्धत होती आणि ती लीगभर प्रसिद्ध होती. सामना सुरू व्हायच्या आधी दादा समोरच्या टीमच्या कपडे बदलायच्या खोलीत जात. हातात डबा, डब्यात सुनंदावहिनींनी केलेले बेसनाचे लाडू. तालमीतला माणूस, जोड लावायच्या आधी समोरच्याला नमस्कार करण्यात आयुष्य गेलेलं. ते सगळ्यांना लाडू देत, सर्वांत दांडगा कोण ते नजरेनं हेरत, त्याला दोन देत आणि सांगत, "मी महादेव. ती लाल हेल्मेटवाली आमची पोर हाय. तिला खेळू दे. बाकी माझ्याशी काय करायचं ते कर." जर्मन लोकांना या प्रकाराचं काय करावं ते कळत नसे. धमकी म्हणावी तर तोंडात लाडू. बहुतेक जण हसून मान डोलावत आणि सामना सरळ पार पडे.

"समोरासमोर सांगितलं की माणूस पाठीत वार करत न्हाई," दादा म्हणत. यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच सरावात अनिका पडली आणि तिच्या डोक्याला मार बसला. दादाच तिला हॉस्पिटलात घेऊन गेले, सगळं होईपर्यंत बाहेर बसून राहिले. घरी सोडताना गाडीत तिनं त्यांना सांगितलं की डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पण पुन्हा असा मार बसला तर कठीण आहे. कप्तानाच्या परवान्यासाठी जी वैद्यकीय तपासणी असते, तिच्यात ती अडकेल. मग बोट विसरायची. हॉकी सोडून दे, असं तिला घरचे म्हणत होते. तिला दोन्ही हवं होतं.

विश्रांती घेऊन ती परत आली त्या सामन्यात समोर काय नावाचा एक खेळाडू होता, जर्मनांत असं नाव असतं. चपळ, हुशार आणि कायम ओठ मुडपून हसणारा. दादा नेहमीप्रमाणे डबा घेऊन गेले. मी सामन्याच्या कागदावर सही घ्यायला त्याच खोलीच्या दारात उभी होते, म्हणून त्या दिवशी ते काय बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं. कायच्या हातात दोन लाडू ठेवून, आवाज खाली आणून, अगदी पोटतिडकीनं ते म्हणाले, "बाबा रे, आमच्या लाल हेल्मेटवालीच्या डोक्याला लागलंय. अजून एक धक्का बसला तर तिचं बोटीचं स्वप्न गेलं. तेवढं सांभाळ. हात जोडतो."

तो म्हणाला, "या, क्लार." हो, अर्थात. आणि लाडू खाल्ला.

त्यानं अनिकाला एकदाही हात लावला नाही. सबंध सामनाभर नाही. फक्त ती पक घेऊन आली की तो जवळ येई आणि कोपर उचली, तिच्या कानाच्या उंचीला. नुसतं उचली. रेफरीला त्यात शिट्टी वाजवण्यासारखं काही दिसत नव्हतं. अनिका मात्र दर वेळी दचके, मान आत घेई आणि पक हातचा जाई. जी मुलगी कधी मागे वळून बघत नसे ती आता सारखी कायकडे बघत होती. आणि अशीच त्याच्या कोपराकडे बघत असताना ती पूर्ण वेगात फळीवर आदळली.

मी घड्याळ थांबवलं. दादा निघालेच होते. डावीकडून आले, कायसमोर फळीवर आपटून थांबले, हातमोजे काढून फेकले. सगळी टीम बघत होती, मीसुद्धा. खरं सांगते, त्या क्षणी माझी सगळी तत्त्वं बाजूला पडली होती आणि दादांनी त्याला उचलून आपटावं असंच मला वाटत होतं.

तो मागे सरकला नाही. दोन्ही हात वर करून म्हणाला, "मी काय केलं? तिच्या डोक्याचं तूच तर सांगितलंस."

दादा तसेच उभे राहिले. उघडे हात, समोर पसरलेली बोटं. मग ते वाकले, हातमोजे उचलले आणि संथपणे माझ्या दिशेनं यायला लागले. रेफरीनं त्यांना काहीही सांगितलं नव्हतं.

"दादा, तुम्हाला शिक्षा झालेली नाही," मी म्हणाले.

"दार उघडा, ताई."

मी उघडलं. ते आत येऊन बसले. सामना संपेपर्यंत ते तिथून उठले नाहीत आणि मीही त्यांना उठवलं नाही.

अनिकाचं थोडक्यात निभावलं. हेल्मेटनं काम केलं होतं. पण डॉक्टरांनी हिवाळ्याचा मोठा भाग बर्फावर जायला मनाई केली आणि परवान्याची तपासणी पुढे ढकलली. दादा तिला भेटायला गेले, मला बरोबर घेऊन. ती त्यांच्यावर ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "महादेव, ते मी तुला सांगितलं होतं. तुला. माझं डोकं तू डब्यातून वाटत फिरलास."

आपल्याकडे कुणाच्या घरात कोण आजारी आहे हे गल्लीला माहीत असतं, आणि ते माहीत असण्यातच माया असते. गल्ली मग खिचडी पाठवते, चौकशी करते, आवाज कमी ठेवते. दादांना वाटलं, एकदा माहीत झालं की माणसं जपतील. जर्मनीत तीन दशकं काढून, या देशात शेजारी डॉक्टरकडे गेला तर त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही हे रोज बघूनही, त्यांना तसंच वाटलं. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती.

टीमची बैठक बसली. जर्मन बैठक, म्हणजे विषयपत्रिका आलीच. टीमचा कप्तान टॉर्स्टेन, हिशेबनीस वळणाचा सज्जन माणूस, त्यानं जर्सी धुण्याचा विषय संपवला, बर्फाच्या वेळेचा संपवला आणि घसा खाकरून म्हणाला, "आल्झो. पुढचा विषय. आपल्याला एन्फोर्सर हवा आहे का?"

कुणी दादांचं नाव घेत नव्हतं आणि सगळे दादांबद्दलच बोलत होते. एक जण म्हणाला, हे जुनं झालं, त्या जागी पळणारा कुणीतरी घेऊ. दुसरा म्हणाला, महादेव नसता तर अनिकाचे हातपाय कधीच मोडले असते. टॉर्स्टेन दोन्ही बाजू लिहून घेत होता. दादा हात मांडीवर ठेवून ऐकत होते. शेवटी अनिका बोलली. डोकं दुखत होतं म्हणून तिनं दिवे मंद करायला लावले होते.

"मला राखणदार नको आहे," ती म्हणाली. "मी पक घेऊन वळते तेव्हा माझ्या उजव्या अंगाला कुणी नसतं. तिथं माणूस असला तर कायला जवळ येताच येत नाही. महादेव दर वेळी येतो. पण सगळं झाल्यावर येतो."

"गेनाऊ," दादा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते उठले, उंचीमुळे त्यांचं डोकं दिव्याला लागलं. "ती बरोबर बोलतीय. मारामारी करणारा म्हणजे उशिरा पोचलेला माणूस. मला हा हिवाळा द्या. मी वेळेवर यायला शिकतो. न्हाई जमलं तर तुम्ही काढायच्या आधी मीच जातो." टॉर्स्टेननं ते लिहून घेतलं.

पुढचे महिने मी जे बघितलं ते जन्मात विसरणार नाही. सार्वजनिक बर्फावर लहान मुलांना शिकायला प्लास्टिकचे पेंग्विन मिळतात, धरून सरकायला. बालवाडीतल्या पोरांच्या मधोमध आमचे दादा, कमरेत वाकून, पेंग्विनच्या कानाला धरून उजवीकडे वळायला शिकत होते. ऑफिसच्या आधी जात, शनिवारी दुपारी जात. पडत, उठत, पँट झटकत आणि पुन्हा पेंग्विन धरत. एका पोरीनं आईला विचारलं, हे आजोबा एवढे पडतात, तरी रडत कसे नाहीत? सुनंदावहिनी कठड्याशी थर्मास घेऊन उभ्या असत.

"अहो, कंबर! या वयात काय हे? गुडघ्याचा फोटो काढला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?"

"तालमीत पहिलं वर्ष माणूस पडायलाच शिकतो, सुनंदा."

"तालमीत तुम्ही अठराचे होतात!"

"मग आता जरा जास्त वेळ लागंल." आणि ते पुन्हा पडत.

याहून अवघड काम त्यांनी दुसरं घेतलं होतं. ते गप्प बसायला शिकत होते. त्यांनी अनिकाला सरळ विचारलं होतं, "तुझ्याबद्दल काय बोलू आणि काय नको?" ती म्हणाली, काहीच नको. झालं. मंडळात कुणी विचारलं, "तुमच्या त्या बोटवाल्या मुलीचं काय झालं?" तर दादा घोटभर पाणी पीत आणि म्हणत, "ते तिचं तिला विचारा." ज्या माणसानं कराडच्या चुलतभावाचं पोटाचं ऑपरेशन अख्ख्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टाक्यांसह सांगितलं होतं, त्यानं. वहिनी मला म्हणाल्या, "मीनल, अगं घरात बातमीच येत नाही हल्ली कुणाची. पेपर बंद झाल्यासारखं वाटतंय."

हंगामाच्या शेवटी पुन्हा कायच्या टीमशी सामना आला. अनिकाला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. परवान्याची तपासणी दोन आठवड्यांवर होती. तिच्या आईनं फोन करून टॉर्स्टेनला खेळवू नको म्हणून सांगितलं, अनिकानं त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि स्केट्स बांधायला बसली. दादा त्या दिवशी कुणाच्या खोलीत गेले नाहीत.

खेळ सुरू झाला. ती बिचकत होती, हे मला माझ्या टेबलावरून दिसत होतं. पहिल्यांदा पक मिळाला तेव्हा तिनं घाईनं देऊन टाकला. कायनं ते ओळखलं. दुसऱ्यांदा ती पक घेऊन वळली तसा तो जवळ यायला लागला, तेच हसू, तेच उचललेलं कोपर. माझा हात घड्याळाच्या बटणावर गेला.

तिच्या उजव्या अंगाला दादा होते.

ते तिथं कधी आले ते मला कळलंच नाही. ते काही वेगानं आले नव्हते, वेग त्यांच्या नशिबात नव्हता. पण ती वळणार हे ओळखून ते आधीच निघाले होते, आणि आता तिच्या बरोबरीनं, जरा वाकडेतिकडे, फुसफुसत सरकत होते. त्यांनी कायकडे बघितलंही नाही. तो त्यांच्या खांद्यावर येऊन आदळला आणि दोघंही पडले. रेफरीनं हात आडवे केले. शिक्षा कुणालाच नाही. अनिका तोवर पुढे गेली होती. तिनं मारलेला पक गोलच्या खांबाला लागून परत आला, गोल झाला नाही, आणि तो सामना आम्ही हरलो. पण त्यानंतर ती खेळली ती आमची जुनी अनिका. दादा तिच्या उजवीकडे होते, चुकत होते, मागे पडत होते, पुन्हा येत होते. मला त्या दिवशी त्यांच्यासाठी एकदाही दार उघडावं लागलं नाही.

सामना संपल्यावर मी म्हणाले, "म्हणजे मी जिंकले, दादा. एन्फोर्सर लागत नाही."

"लागतोय की," ते हाशहुश करत म्हणाले. "फक्त त्यानं आधी खेळायला शिकाय पाहिजे."

पुढच्या वर्षी गुडघ्यानं त्यांना खेळू दिलं नाही. नंतर ते निवृत्त झाले आणि कायमचं कराडला जायचं ठरलं. जायच्या आधीच्या आठवड्यात मला म्हणाले, "ताई, चला, बंदरात एक फेरी मारून येऊ." वहिनी सामान बांधत होत्या, त्या आल्या नाहीत. रिमझिम पाऊस होता, हॅम्बर्गला असतो तसा. धक्क्यावर फेरी लागली, आम्ही चढलो, आणि वर काचेच्या केबिनमध्ये सुकाणूवर अनिका होती. तपासणीही पार पडली होती आणि परीक्षाही. तिनं मान हलवली, आम्ही हात हलवले.

मधल्या एका धक्क्यावर एक तांबडालाल गृहस्थ चढला. बोटीला उशीर झाला, त्याची गाडी चुकली, असं काहीतरी. तो तरातरा जिना चढून केबिनपाशी गेला आणि दारावर मुठी आपटायला लागला. बायकांच्या हातात बोटी दिल्या की असंच होणार, असंही ओरडला. दादा केबिनच्या जिन्याला टेकूनच उभे होते. मी त्यांचे खांदे वर गेलेले पाहिले. त्यांनी एक पायरी चढली.

आणि ते थांबले. त्याच पायरीवर, कठडा धरून. फक्त त्या गृहस्थाला मागे वळला तर दिसावेत इतक्या जवळ.

लाउडस्पीकरवर अनिकाचा आवाज आला. "दार वाजवणाऱ्या प्रवाशानं खाली जावं. तोवर बोट सुटणार नाही. बाकीच्यांची माफी मागते." बोटीवरची सगळी माणसं त्याच्याकडे बघायला लागली. तो थोडा वेळ गुरगुरला, मग वळला, दादा दिसले, आणि अंग चोरून त्यांच्या बाजूनं खाली उतरला. दादांनी त्याला सरकून वाट दिली.

आमचा धक्का आला. दादा उतरले, चार पावलं चालले आणि पावसात वळून वर बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ती हात करेल, हे पुन्हा कधी भेटणार. अनिकानं दोर सोडायची खूण केली, बोट धक्क्यापासून बाजूला घेतली. समोरून एक भलंमोठं मालवाहू जहाज येत होतं. तिनं एकदाही आमच्याकडे वळून पाहिलं नाही.

"बघा ताई," दादा म्हणाले, "पोर पुढं बघतीय."